नागास्त्र-1 : तीस मिनिटांचा हिशेब

नागास्त्र-1 म्हणजे लक्ष्यावर घिरट्या घालून शेवटी त्यावरच आदळून फुटणारं छोटं ड्रोन. वर्तमानपत्रं याला ‘आत्मघाती ड्रोन’ म्हणतात. पॅराशूट उघडून परत खाली उतरणारा आत्मघाती कसला, पण ते असो. नागपूरच्या सोलार इंडस्ट्रीजची उपकंपनी इकॉनॉमिक एक्स्प्लोझिव्हज आणि बंगळुरूची झेड-मोशन यांचं हे काम. सैन्याने 480 नगांची ऑर्डर दिली आणि त्यातले पहिले 120 नग तपासणी होऊन जून 2024 मध्ये पुलगावच्या दारूगोळा डेपोत पोचले.

कागदावरचे आकडे असे: वजन 9 किलो, वॉरहेड (स्फोटक भाग) 1 किलो, उड्डाण 30 मिनिटं. पल्ला ऑपरेटरच्या हातात 15 किमी, स्वयंचलित मोडमध्ये 30 किमी. दिवसरात्र चालणारे कॅमेरे, आणि निशाणा 2 मीटरच्या आत. मोटर विजेवर चालते, त्यामुळे 200 मीटरच्या वर गेलं की खाली आवाज जवळपास पोचत नाही.

यातला खरा महत्त्वाचा आकडा 30 मिनिटांचा. वेग ताशी 90 किमी धरून बघा. 15 किमी जायला 10 मिनिटं, यायला 10, म्हणजे लक्ष्यावर घिरट्या घालायला उरली 10. जाताना ताशी 30 किमीचा वारा समोरून असेल तर जायला 15 आणि यायला साडेसात मिनिटं लागतात. हातात साडेसातच राहतात. 30 किमीला तर 20 मिनिटं जाण्यातच जातात, म्हणजे तिथून माघार नाही. पॅराशूटचा फायदा हवा असेल तर परतीचं चार्जिंग आधीच बाजूला काढून ठेवायचं, हाच नियम.

पॅराशूट मात्र मनापासून आवडलं. लक्ष्य सापडलं नाही, किंवा ऐनवेळी तिथे साधी माणसं दिसली, तर हल्ला रद्द करता येतो. अमेरिकेच्या स्विचब्लेड 300 या अशाच ड्रोनमध्ये हल्ला रद्द होतो, पण यंत्र परत मिळत नाही. नागास्त्र उतरल्यावर मात्र लगेच धावत जाऊन उचलायचं नाही. पोटात वॉरहेड तसंच असतं, ते सेफ आहे याची खात्री झाल्यावरच हात लावायचा. आणि खडकाळ उतारावर पडलं तर आधी पंखांची मुळं आणि कॅमेऱ्याची काच तपासायची. तिथे केसाएवढी चीर असेल तरी ते पुन्हा उडवायचं नाही.

उंचीवर गणित आणखी कडक होतं. 4500 मीटरवर चालण्याचा दावा आहे. तिथे हवेची घनता समुद्रसपाटीच्या साधारण 63 टक्के असते, म्हणून तरंगत राहायला सुमारे पाव पट जास्त वेग लागतो. वर थंडीने बॅटरी मंदावते. बॅटऱ्या उड्डाणापर्यंत उबदार ठेवल्या नाहीत तर 30 मिनिटं विसरा. डोंगराची धार मध्ये आली की व्हिडिओ तुटतो, त्यावर उपाय म्हणजे अँटेना उंचावर लावणं. पण उंचावरची अँटेना शत्रूलाही आधी दिसते.

उष्णता टिपणारा रात्रीचा कॅमेरा पहाटे आणि सांजवेळी थोडा फसवतो. त्या वेळी दगड, माती आणि गाडीचा पत्रा यांचं तापमान जवळपास सारखं होतं आणि चित्र सपाट दिसतं. जीपीएस जॅम झालं तर 2 मीटरचा भरवसा धरू नये. ऑपरेटर चित्र बघून शेवटची दुरुस्ती करू शकतो, पण ते चित्रही रेडिओवरूनच येतं.

किलोभर वॉरहेडकडून काय अपेक्षा करायची? त्याचं काम किरचांचं: उघड्यावरचं मोर्टार पथक, रडारची अँटेना, बिनचिलखती गाडी. रणगाडा किंवा काँक्रीटचा बंकर याच्या यादीत नाही. तिथे तोफेचा 155 मिमीचा 43 किलोचा गोळाच मागवावा.