नोकरी सांभाळून बी.कॉम.: मुक्त विद्यापीठ की खासगी ऑनलाइन?

जळगावच्या एमआयडीसीत डाळ मिलचे हिशेब बघतो. पदवी नाही म्हणून पगार अडला होता, तेव्हा दोन्ही पर्याय बारकाईने पाहिले. आता ओळखीपाळखीचे विचारतात, म्हणून लिहितो. ‘वर्षात डिग्री, मागच्या तारखेची’ देणाऱ्यांचा विचार इथे नाही. तो बनावट कागद, आणि विकणाऱ्याबरोबर वापरणाराही त्यात अडकतो.

कागदोपत्री दोन्ही पर्याय सारखेच. मान्यता असलेल्या विद्यापीठाची दूरस्थ किंवा ऑनलाइन पदवी नेहमीच्या पदवीच्या बरोबरीची, हे विद्यापीठ अनुदान आयोगाने (यूजीसी) २०२२ मध्ये स्पष्ट केलं आहे. मात्र यूजीसीच्या बनावट विद्यापीठांच्या यादीत नाव नाही, एवढ्यावर निर्धास्त होऊ नका. सोलनचं मानव भारती विद्यापीठ हिमाचलच्या कायद्याने रीतसर स्थापन झालेलं. तरी हजारो बनावट पदव्या विकल्याच्या आरोपावरून २०२० मध्ये त्याच्या मागे तपास लागलाच. यूजीसीच्या दूरशिक्षण विभागाच्या (डीईबी) संकेतस्थळावर मान्यता अभ्यासक्रमागणिक आणि सत्रागणिक दिलेली असते. एमबीएला आहे म्हणजे बी.कॉम.ला असेलच असं नाही. आणि धुळ्यात, भुसावळात कुणी परराज्यातल्या खासगी विद्यापीठाचं ‘अधिकृत सेंटर’ अशी पाटी लावली असेल तर पायरीच चढू नका; फ्रँचायझी देऊन असे अभ्यासक्रम चालवायला मनाई आहे.

शिकवण्यात ऑनलाइनवाले पुढे, हे मान्य करायला हवं. ॲप नीटनेटकं, व्याख्यान रात्री अकरालाही ऐकता येतं. दीपनगरच्या वीज केंद्रात किंवा रेल्वेत शिफ्ट करणाऱ्याला याची किंमत कळेल. परीक्षा घरून, कॅमेऱ्यासमोर. फक्त यावल-चोपड्याकडच्या खेड्यात राहत असाल तर पेपरच्या वेळी लाइट राहील का, ते तुमचं तुम्ही बघा.

मुक्त विद्यापीठ म्हटलं की नाशिकचं यशवंतराव चव्हाण (१९८९) किंवा दिल्लीचं इग्नू (१९८५). मी यातलं कुठलं घेतलं ते सांगत नाही, कारण कुरकुरही करायची आहे. पुस्तकं उशिरा आली. रविवारच्या तासाला चारच जण दिसले की सर लवकर उठायचे. हेल्पलाइन वाजत राहायची. पेपर द्यायला भर मे महिन्यात, आपल्याकडच्या त्या उन्हात, केंद्रावर जावं लागलं. तरी वर्गात एस.टी.चे वाहक, अंगणवाडीच्या ताई, मेडिकल दुकानातला पोरगा, असे अडलं की फोन करता येतील असे लोक भेटले. फी तर निम्म्याहूनही कमी.

हे सगळं तोलूनही मी ऑनलाइनकडेच झुकलो होतो. निर्णय फिरला तो पैसे भरायच्या पानावर.

फोनवरचा सल्लागार गोड बोलायचा. ‘सर, स्कॉलरशिप आज रात्री बारापर्यंतच,’ असं रोजच सांगायचा. लिंक उघडली तर पैसे घेणाऱ्याच्या जागी विद्यापीठाचं नावच नव्हतं, भलत्याच कंपनीचं होतं. म्हटलं, थेट विद्यापीठाच्या खात्यात भरतो. तर म्हणे, मग स्कॉलरशिप मिळणार नाही. ‘बिनव्याजी हप्ते’ म्हणजेही माझ्या नावावर फायनान्स कंपनीचं कर्ज निघालं. शिक्षण अर्ध्यात सोडलं तरी हप्ता कापला जाणारच. उद्या वाद झाला तर विद्यापीठ म्हणणार पैसे आम्ही घेतले नाहीत, कंपनी म्हणणार पदवी आमचा विषय नाही, आणि फायनान्सवाला दोघांनाही ओळखत नसणार. ग्राहक हेल्पलाइनला १९१५ वर फोन लावायचा तरी तक्रार कुणाच्या नावे नोंदवायची? मी आयुष्यभर पावत्या जुळवत आलो आहे, मला हे पचलं नाही. अभ्यासकेंद्राच्या खिडकीवरचा क्लार्क तिरसट होता, पण पावतीवर विद्यापीठाचं नाव आणि माझा कायम नोंदणी क्रमांक होता.

सगळे ऑनलाइनवाले असेच, असं म्हणणं नाही. माझा अनुभव एकाचाच. ज्याला केंद्रावर जाणं खरंच जमत नाही, त्याने ऑनलाइन जरूर घ्यावं, पण मधल्या सल्लागाराला वगळून, विद्यापीठाच्या स्वतःच्या संकेतस्थळावरून. २०२४ पासून प्रवेशाला डीईबी आयडी, म्हणजे यूजीसीच्या पोर्टलवर काढायचा ओळख क्रमांक, लागतो. तो स्वतः काढा, ‘आम्ही काढून देतो’ म्हणणाऱ्याला ओटीपी सांगू नका. बाकी ज्याला महिन्यातले दोन-तीन रविवार काढता येतात आणि मराठीतून वाचायला आवडतं, त्याने मुक्त विद्यापीठाचा अर्ज आधी भरावा असं मला वाटतं. पुस्तकांची वाट बघू नका, वरच्या वर्षातल्या कुणाकडून तरी जुनी मागून घ्या, आणि अभ्यासक्रम बदललेला नाही ना तेवढं केंद्रावर विचारा.