आरबीआय रिटेल डायरेक्ट: सरकारला थेट कर्ज द्यावं का? अंबाजोगाईहून सविस्तर रिव्ह्यू

सरकारी रोखे रिझर्व्ह बँकेच्या पोर्टलवरून थेट घेता येतात हे आमच्याकडं अजून लै लोकांना माहीतच नाही, म्हणून हा रिव्ह्यू लिहायलोय. रिटेल डायरेक्ट ही सोय 12 नोव्हेंबर 2021 ला चालू झाली, 2024 ला मोबाईल अ‍ॅप आलं. खातं काढायला फुकट, वर्षाची फी नाही, मधी एजंट नाही, आणि 10,000 रुपयांपासून केंद्र सरकारला नाहीतर राज्य सरकारला कर्ज देता येतं. कर्जच म्हणायचं त्याला, सरकार घेणारं आणि आपण देणारे.

बीड जिल्ह्यातल्या माणसाला पैसे कुठं ठेवावेत हा प्रश्न किती जिवाला लागतो ते सांगायची गरज नाही. मल्टीस्टेट आणि पतसंस्थांच्या 12-13 टक्क्यांपायी इथली किती घरं बसली ते सगळ्यांनी बघितलंय. आमच्या नात्यातले एक काका आहेत, निवृत्तीची जवळपास सगळी रक्कम अशाच एका ठिकाणी होती, आजही ठेवीच्या पावत्या कॅरीबॅगमधी घालून चौकशीला जातात. बँकेत निदान 5 लाखापर्यंत ठेवीला विमा आहे, पतसंस्थेला तोही नाही. त्यामुळं आमच्या अण्णांच्या ग्रॅच्युइटीचा विषय निघाला (माझे वडील, जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तर होते ते) तेव्हा मी ठरवलं की व्याज दोन टक्के कमी मिळालं तरी चालंल पण मुद्दलाला धक्का नको.

खातं काढायला पॅन, आधार, मोबाईल, ईमेल आणि सेव्हिंग खातं लागतं. एक गोष्ट आधी बघून घ्या, पॅनवरचं नाव आणि बँकेतलं नाव एकच पायजे. अण्णांच्या पासबुकावर नुसती आद्याक्षरं होती आणि पॅनवर पूर्ण नाव, तर त्या शाखेत ते दुरुस्त करून घेण्यातच वेळ गेला, आज सर्वर डाऊन उद्या साहेब रजेवर. एकदा ते झालं की पुढचं सरळ आहे, जो मोबाईलवर रेल्वेचं तिकीट काढतो त्याला हे जमतंय.

खरेदी कशी होती ते नीट सांगतो कारण एफडीपेक्षा हे वेगळं आहे. सरकार दर आठवड्याला लिलावातून कर्ज उचलतं. साधारणपणे मंगळवारी राज्यांचे रोखे, बुधवारी ट्रेझरी बिलं म्हणजे 91, 182 आणि 364 दिवसांची, आणि शुक्रवारी केंद्राचे लांब मुदतीचे रोखे, त्यात पाच-दहा वर्षांपासून पार 40-50 वर्षांपर्यंतचे असतात. मोठ्या बँका, विमा कंपन्या, म्युच्युअल फंड तिथं भाव बोलतात. आपल्यासारख्यांनी भाव बोलायचा नाही, फक्त रक्कम टाकायची, लिलावात जो सरासरी भाव निघंल त्यानं आपल्याला मिळतं. भाव आधी माहीत नसतो म्हणून थोडे जास्तीचे पैसे कापले जातात आणि उरलेले परत येतात, त्याला घाबरू नका. यूपीआयनं 5 लाखापर्यंत भरता येतात.

ट्रेझरी बिलाला व्याज नसतं, ते कमी भावात मिळतं. समजा 91 दिवसांचं 100 चं बिल 98.40 ला पडलं तर 10,000 च्या बिलाला 9,840 द्यायचे आणि मुदत संपली की पूर्ण 10,000 खात्यात, वर्षाच्या हिशोबानं साडेसहा टक्क्याच्या आसपास. लांबच्या रोख्याला मात्र दर सहा महिन्याला व्याज बँकेत जमा होतं, कुणाच्या दारात जायचं काम नाही.

आता मुद्द्याचं. पैसे भरायच्या टायमाला, ओटीपी आलेला मोबाईल हातातच धरून अण्णा म्हणले, "आरं पण सरकारच बसलं तर? श्रीलंकेचं काय झालं बघितलं न्हाईस का?" मी म्हणलं, "अण्णा, थांबा, आज भरू नका, मी नीट वाचून सांगतो." रिव्ह्यू लिहिणारे हा प्रश्न सोडून देतात, सरकारी आहे म्हणजे सेफ आहे एवढं लिहून मोकळे होतात. मला ते पटत नाही. सरकारं कर्ज थकवतात, सारखी थकवतात, आणि थकवल्यावर काय होतं हे माहीत नसंल तर कुठल्याच सरकारला पैसे देऊ नयेत.

श्रीलंकेनं 12 एप्रिल 2022 ला जाहीर केलं की परदेशी कर्जाचे हप्ते आता थांबवतोय, आणि मे महिन्यात सवलतीची मुदतही संपली तसं ते अधिकृत डिफॉल्ट झालं, स्वातंत्र्यानंतर पहिल्यांदा. त्याच्या आधी 2019 ला कर कमी केले, मग कोविडमधी टुरिस्ट बंद, 2021 ला रासायनिक खतावर एकदम बंदी घातली आणि शेतीचं वाटोळं झालं. पण हे सगळं झालं तरी एखादा देश सावरू शकतो, खरा फास होता डॉलरचा. न्यूयॉर्कच्या बाजारात डॉलरमधी रोखे विकलेले, आणि डॉलर तर कोलंबोत छापता येत नाहीत. मे 2022 ला त्यांच्याच अर्थमंत्र्यानं सांगितलं की वापरता येईल अशी परकी गंगाजळी 5 कोटी डॉलरही राहिली नाही. एवढ्यात तेलाच्या एखाद्या जहाजाचे पैसे भागतील, पुढच्या जहाजाला काय देणार? पेट्रोलसाठी लोक रात्र रात्र रांगेत होते ते त्यामुळं.

मग पुढं काय होतं तर कर्जाचं पुनर्गठन. हे आपल्याला नवीन नाही. दुष्काळाच्या वर्षी पैसेवारी 50 च्या खाली आली की बँक पीककर्जाचं पुनर्गठन करती, यंदाचा हप्ता पुढच्या काही वर्षांत वाटून देती, देशांचंही साधारण तसंच असतं, फरक एवढाच की देशाच्या डोक्यावर कुठलं कोर्ट नाही, दिवाळखोरीचा कायदा नाही, आणि सावकार एक नसून पन्नास असतात. आधी आयएमएफ, म्हणजे आंतरराष्ट्रीय नाणेनिधी, बसून हिशोब करतं की या देशाला खरंच किती फेडणं झेपंल. मग ज्या सरकारांनी कर्ज दिलंय त्यांच्याशी बोलणी, त्यासाठी 1956 पासून पॅरिस क्लब हा सावकार देशांचा गट आहे, पण चीन त्यात नाही आणि आता मोठा सावकार तर चीनच, म्हणून सगळं रखडतं. श्रीलंकेच्या वेळी भारत, जपान आणि फ्रान्स हे सावकारांच्या समितीचे सहअध्यक्ष होते, चीनची सरकारी एक्झिम बँक वेगळी बोलत होती. आयएमएफचे 3 अब्ज डॉलर मार्च 2023 ला मंजूर झाले, सरकारांशी करार जून 2024 ला, आणि खाजगी रोखेधारकांची अदलाबदल डिसेंबर 2024 ला. म्हणजे अडीच वर्षापेक्षा जास्त. कर्ज घेतलेल्या देशापुढं मार्ग तीनच असतात, मुदत लांबवा, व्याज कमी करा, नाहीतर मुद्दलच कापा, आणि बहुतेक वेळा तिन्ही थोडं थोडं.

ग्रीसमधी मार्च 2012 ला रोख्याच्या मुद्दलातच 53.5 टक्के कापले. तिथले बरेच रोखे ग्रीसच्याच कायद्याखाली होते, संसदेनं कायदा बदलला आणि नाही म्हणणाऱ्यांनाही ओढून घेतलं, त्यात साधी पेन्शनर माणसंही होती. अर्जेंटिनाची गोष्ट उलटी, त्यांचे रोखे न्यूयॉर्कच्या कायद्याखाली. 2001 ला बुडवले, 2005 आणि 2010 ला बहुतेकांनी कमी पैशात तडजोड घेतली, पण काही फंड अडून बसले. त्यातल्या एकानं तर 2012 ला घानाच्या बंदरात अर्जेंटिनाच्या नौदलाचं शिडाचं जहाज लिबर्ताद कोर्टाकडून अडकवून ठेवलं होतं, अडीच महिने, शेवटी हॅम्बुर्गच्या सागरी न्यायाधिकरणानं सोडवलं. 2016 ला त्या फंडांना अब्जावधी डॉलर देऊनच सुटका झाली. म्हणून आता नव्या रोख्यांत कलम घालतात की ठराविक बहुमतानं, बहुधा 75 टक्क्यांनी, मान्य केलं की बाकीच्यांनाही मान्य करावं लागंल.

आणि हे बघा, त्याच अर्जेंटिनानं 2017 ला 100 वर्षांचा डॉलर रोखा काढला, उत्पन्न जवळपास 8 टक्के, आणि जगातल्या शहाण्यासुरत्या लोकांनी रांगा लावून घेतला. तीन वर्षं होतात न होतात तर 2020 ला त्याचंही पुनर्गठन. दोन टक्के जास्त मिळतात म्हणलं की हुशार माणसाचंही डोळं झाकतं, ते बीडलाच होतं असं नाही.

तर मग आपल्या सरकारचं काय? आपल्या केंद्र सरकारचं कर्ज फार मोठ्या प्रमाणात रुपयात आहे, आणि देणारे बहुतेक इथलेच, बँका, एलआयसी, भविष्य निर्वाह निधी. परकी कर्जाचा वाटा फारच थोडा. रुपया इथंच छापला जातो त्यामुळं कोलंबोसारखी डॉलरची कोंडी रोख्याच्या हप्त्यावर येत नाही. 1991 ला आपल्यावर वेळ आली होती ती डॉलरचीच, दोन-तीन आठवड्यांच्या आयातीपुरतं परकी चलन उरलं होतं, तेव्हा आधी 20 टन सोनं स्वित्झर्लंडच्या बँकेला परत घ्यायच्या बोलीवर विकलं आणि नंतर जवळपास 47 टन सोनं बँक ऑफ इंग्लंड आणि बँक ऑफ जपानकडं गहाण ठेवलं, पण हप्ता चुकू दिला नाही.

तरी स्वतःच्या चलनात आहे म्हणजे शंभर टक्के पक्कं असंही मी म्हणणार नाही. रशियानं ऑगस्ट 1998 ला रूबलमधले रोखे थकवलेत, घानानं 2022 च्या शेवटी देशातल्याच लोकांचे रोखे बदलून घ्यायचं काढलं तेव्हा अक्रामधी म्हातारे पेन्शनर अर्थखात्याच्या दारात बसले होते. श्रीलंकेतही 2023 ला तिथल्या ईपीएफचे रोखे लांब मुदतीच्या, पुढं 9 टक्के व्याजाच्या रोख्यांत बदलले, म्हणजे डॉलरच्या कर्जाचा चटका शेवटी कामगाराच्या फंडाला बसला. आपल्याकडं 2025-26 च्या बजेटमधी व्याजापोटी 12.76 लाख कोटी धरले, एकूण खर्च 50.65 लाख कोटी. म्हणजे रुपयातले चार आणे नुसत्या व्याजात. ह्या आकड्यावर आपण मतदारांनी लक्ष ठेवायलाच पायजे, मला तो मनापासून खटकतो, त्यात किती शाळा, किती दवाखाने झाले असते. पण पुढच्या पाच-सात वर्षांसाठी म्हाताऱ्या बापाचे पैसे ठेवायला भारत सरकारपेक्षा खात्रीचा कर्जदार मला ह्या देशात दुसरा दिसत नाही, हे माझं मत, आणि अण्णांना मी तेच सांगितलं.

खरा धोका इथं वेगळाच आहे. एक तर महागाई, रुपया परत मिळतो पण त्या रुपयात काय येतं ते सांगता येत नाही. दुसरं, मुदतीआधी विकायची पाळी आली तर. समजा 7 टक्क्यांचा 10 वर्षांचा रोखा घेतला आणि लगेच बाजारात दर 8 टक्के झाला तर 100 चा रोखा 93 च्या आसपास विकला जाईल. मुदतीपर्यंत धरला तर पूर्ण 100 मिळतात, पण मधीच लग्न निघालं, दवाखाना निघाला तर तोटा सोसावा लागतो. शिवाय छोट्या रकमेला गिऱ्हाईक पटकन मिळंलच असं नाही, बाजार मोठ्या लोकांचा आहे, कोटीत चालणारा. एफडी मोडायला बँकेत गेलं की त्याच दिवशी पैसे, तसं इथं धरून चालू नका. आणि व्याज तुमच्या स्लॅबप्रमाणं करपात्र आहे, 80सीची करसवलत वगैरे काही नाही.

म्हणून अण्णांचे सगळे पैसे आम्ही इथं टाकले नाहीत. दवाखान्यापुरते बँकेत, थोडे पोस्टाच्या सिनियर सिटिझन योजनेत, तिचं व्याज ह्याच्यापेक्षा जास्तच आहे, तिची 30 लाखाची मर्यादा भरली नसंल तर आधी ती भरा. उरलेल्यातून फ्लोटिंग रेट सेव्हिंग बाँड घेतले, तेही ह्याच पोर्टलवर मिळतात, सात वर्षांचे, व्याज एनएससीपेक्षा (पोस्टाचं राष्ट्रीय बचत प्रमाणपत्र) 0.35 टक्के जास्त आणि दर सहा महिन्याला नव्यानं ठरतं. विकता येत नाहीत पण बाजारातल्या भावाची कटकट नाही, म्हाताऱ्या माणसाला हेच बरं.

शेतकऱ्यांसाठी मला 182 दिवसांचं बिल सगळ्यात कामाचं वाटतं. सोयाबीन दिवाळीच्या आगेमागे विकलं जातं आणि बी-खताला पैसे मे-जूनमधी लागतात, तोपर्यंत ते पैसे सेव्हिंगला पडून राहतात, नाहीतर कुणीतरी उसने मागून नेतं. नोव्हेंबरात बिल घेतलं तर पेरणीच्या आधी पैसे खात्यात.

महाराष्ट्राचे रोखे घ्यावेत का असं बरेच जण विचारायलेत. त्यांना केंद्रापेक्षा थोडं जास्त व्याज मिळतं. राज्याला नोटा छापता येत नाहीत आणि केंद्राची लेखी हमीही नाही, पण राज्याचं खातं आणि कर्ज दोन्ही रिझर्व्ह बँकच सांभाळते, हप्ता त्याच खात्यातून वळता होतो. मी थोडे घेतलेत, दहा वर्षं हात न लावायच्या बोलीवर.

खातं काढलं की त्याच दिवशी नॉमिनी भरून टाका, आणि घरातल्या एकाला तरी दाखवून ठेवा. हे रोखे तुमच्या शेअरच्या डिमॅटमधी नसतात, रिझर्व्ह बँकेकडच्या वेगळ्या खात्यात असतात, आणि कपाटात शोधून कागदाची पावती कुणाला सापडणार नाही.