कॅलिबर टू ट्रक : उतारासाठी उत्तम, पण जोडी आहे तशी लावू नका

डाउनहिल लाँगबोर्डसाठी, म्हणजे उतारावर वेगात चालवायच्या लांब स्केटबोर्डसाठी, ओतीव (साच्यात ओतलेले) ट्रक, म्हणजे डेकखाली बसून चाके धरणारे धातूचे सांगाडे, घ्यायचे म्हटले की कॅलिबर टूचे नाव निघतेच, आणि ते रास्त आहे. हँगर (ॲक्सल धरणारा आडवा भाग) १८४ मिमीचा, ॲक्सल टोकापासून टोकापर्यंत १० इंच, बेसप्लेट (डेकला बोल्टने जोडला जाणारा तळ) ५० किंवा ४४ अंशांची. ९ ते १० इंच रुंद डेकखाली (पाय ठेवायच्या फळीखाली) ही रुंदी नेमकी बसते. पुढची आवृत्ती निघाली असली तरी वापरलेले कॅलिबर टू मिळत राहतात. सुस्थितीतली जोडी मिळाली तर जरूर घ्यावी.

यांचे खरे बळ बुशिंग, म्हणजे झुकण्याला लवचीक अडथळा देणारी रबरासारखी गोल गुंडी, बसते त्या खोबणीत आहे. पॅरिस या कंपनीच्या ट्रकमध्ये ही जागा मोकळी असल्यामुळे तो ट्रक शहरातल्या रस्त्यावर झुलत वळायला छान वाटतो. कॅलिबरमध्ये बुशिंग चहूबाजूंनी आवळून धरले जाते, त्यामुळे हँगर झुकला की आपण होऊन मध्यावर येतो. ताशी ५० किलोमीटरला पाऊल किंचित हलले तरी ते लगेच चाकांपर्यंत पोचत नाही. स्लाइड (चाके आडवी घसरवून वेग कमी करणे) संपवून चाके पुन्हा पकड घेतात तेव्हाही बोर्ड सरळ रेषेत लवकर स्थिरावतो.

मग तक्रारी कशाच्या? बहुतेक स्पीड वॉबलच्या, म्हणजे वेगात बोर्ड डावी-उजवीकडे थरथरू लागण्याच्या. दोष ट्रकवर टाकला जातो, पण मूळ असते पुढे-मागे दोन्हीकडे ५० अंश लावण्यात. मागचा ट्रक पुढच्याइतकाच वळला की मागून बोर्ड ढकलला जातो, स्वार तो सावरायला उलटा झुकतो, आणि दर झोक्याला थरथर वाढत जाते.

५० अंशांच्या बेसप्लेटवर डेक १० अंश झुकवला तर हँगर साधारण पावणेबारा अंश वळतो. ४४ अंशांच्या बेसप्लेटवर तेवढ्याच झुकावाला साडेनऊ. म्हणजे मागचे वळणे जवळपास पाचव्या हिश्श्याने कमी होते, आणि थरथर दबायला तेवढे पुरते. म्हणून पुढे ५०, मागे ४४ लावा. हँगर तोच चालतो, फक्त बेसप्लेट बदलायची. दोन्हीकडे ४४ लावले तर बोर्ड शांत राहतो, पण अरुंद वळणात फार झुकावे लागते आणि नवख्याला ते जड जाते.

यानंतर पैसे बुशिंगवर घाला. सोबत येणारी ८९ए ची (आकडा मोठा तेवढे बुशिंग कडक) दोन बॅरल, म्हणजे दंडगोल बुशिंग, वाईट नाहीत, मात्र ती साधारण ७५ किलोच्या आसपासच्या माणसाला मानवतात. ६० किलोच्या माणसाने ८५ए च्या आसपास जावे, ७० किलोला ८७ए, ८० किलोला ९०ए, आणि ९० च्या पुढे ९३ए. मागच्या ट्रकला पुढच्यापेक्षा दोन-तीन अंकांनी कडक घ्यावे. डेकच्या बाजूचे बुशिंग जास्त भार घेते, त्यामुळे दोन वेगळी लावायची असतील तर कडक तिकडे. एकदम चारही बदलू नका. आधी मागची दोन बदला आणि ओळखीच्या उतारावर फरक पाहा.

किंगपिनचा, म्हणजे बुशिंगमधून जाणाऱ्या मोठ्या बोल्टचा, नट किती आवळायचा, इथे सर्वांत जास्त चुका होतात. वॉशर बोटांनी फिरेनासा होईपर्यंत नट आणा, मग १४ मिमीच्या पान्याने पाव ते अर्धा फेरा. थरथर थांबावी म्हणून याच्या पुढे दोन-तीन फेरे आवळले की बुशिंग मधून फुगते, ट्रक मध्यावर मुका होतो, नंतर अचानक वळतो आणि काही दिवसांत बुशिंगच्या कडा फाटतात. एका फेऱ्यानेही भागत नसेल तर बुशिंग मऊ आहे, बदला. वाटीसारखे वॉशर बुशिंगला धरून ठेवतात. सपाट लावले तर झुकाव वाढतो. मागे वाटीचेच ठेवा.

पिव्होट कप (बेसप्लेटमधली हँगरचे टोक बसते ती वाटी) कुणी उघडून पाहत नाही. हँगरचे टोक त्यात खेळत असेल, बोटाने हलवल्यावर टकटक जाणवत असेल, तर बुशिंग कितीही चांगले असो, थरथर राहणारच. कप बदला. नुसतीच करकर येत असेल तर किसलेल्या साबणाची चिमूट पुरते.

चाके ७० ते ७५ मिमीची ठेवा. टॉपमाउंट डेकवर (ट्रक खालून लागतो अशा) ७५ च्या वर गेल्यास डेक हाताने पूर्ण झुकवून चाक घासते का ते आधी पाहा. घासत असेल तर ३ मिमीचा रायझर (ट्रक आणि डेकमध्ये ठेवायची चकती) घाला. बेअरिंगमध्ये स्पेसर हवाच, नाहीतर ॲक्सलचा नट आवळताना बेअरिंग आडवे दाबले जाते.

ओतीव ट्रकची मर्यादा ॲक्सलमध्ये आहे. कडेच्या दगडावर जोरात आपटला तर तो वाकू शकतो. वापरलेली जोडी घेताना चाके काढून पोलादी पट्टी दोन्ही टोकांना एकदम टेकवा. फट दिसली तर सोडून द्या. आट्यांवरून नट बोटाने सहज फिरायला हवा. आएरा किंवा रोनिनसारख्या मशीनवर कोरलेल्या ट्रकमध्ये अचूकता निश्चित जास्त, पण किंमत कितीतरी पट. स्लाइड पक्की होईपर्यंत तिथे जायची काहीही गरज नाही.

एवढे करूनही वेगात थरथर आलीच तर पाय ताठ करू नका. गुडघे वाकवून खाली बसा, पुढच्या पायावर ६० ते ७० टक्के वजन द्या, मग एका बाजूला टेकून हळू वळा किंवा हात टेकून कोलमन स्लाइड मारा. क्लिफ कोलमन यांच्या नावाची ही स्लाइड आधी सपाटीच्या जवळच्या उतारावर, पक (तळहातावरची घसरणारी चकती) असलेले हातमोजे आणि हेल्मेट घालून शिकावी. ताशी ४० च्या पुढे जाणार असाल तर पूर्ण चेहरा झाकणारेच हेल्मेट घ्या. आपल्या घाटांत वळणाच्या आतल्या बाजूला खडी साचते आणि समोरून एसटी येते; वाहतूक अडवलेली नसेल तर हे ट्रक तिथे नेऊ नका.

दर चार-पाच फेऱ्यांनंतर किंगपिनचा नट आणि डेकचे बोल्ट तपासा. नटातले नायलॉनचे कडे सैल पडले, म्हणजे नट पान्याविना फिरू लागला, की नवा नट घाला.