गच्चीवरून दीर्घिका: सीस्टार एस५० कशी वाटली

ठाण्यात घोडबंदर रोडला राहून दीर्घिकांचे, म्हणजे गॅलक्सींचे, फोटो काढता येतात का? येतात, आणि मनासारखे येतात. झेडडब्ल्यूओ कंपनीची सीस्टार एस५० ही कॅमेरा असलेली छोटी दुर्बीण मी आमच्या सोसायटीच्या गच्चीवर वापरते. भिंग अवघं ५० मिलिमीटरचं, वजन अडीच किलो. मोबाइलवर नाव निवडलं की तारे ओळखत स्वतःच तिकडे वळते.

माझी सगळ्यात लाडकी दीर्घिका एम ५१. सप्तर्षीच्या शेपटीतल्या शेवटच्या मरीची ताऱ्याजवळ, अडीच-तीन कोटी प्रकाशवर्षांवर. एप्रिल-मेच्या रात्री उत्तरेला चांगली वर येते. दहा सेकंदांच्या पहिल्या फोटोत नुसते दोन पुसट ठिपके. मग दुर्बीण फोटोवर फोटो रचत जाते, मोठ्या ठिपक्याभोवती हळूहळू वळसा उमटतो, आणि तास-दीड तासाने त्याचा एक हात शेजारच्या छोट्या दीर्घिकेपर्यंत पोचलेला दिसतो. सासूबाई तेव्हा मोबाइल हातातून सोडेनात. हाच वळसा खगोल निरीक्षक लॉर्ड रॉस यांनी १८४५ मध्ये आयर्लंडमध्ये ७२ इंची आरशाच्या दुर्बिणीतून पाहिला आणि हाताने चितारला. डोळ्याला प्रकाश साठवता येत नाही, कॅमेऱ्याला येतो. म्हणून एवढ्याशा भिंगाला हे जमतं.

आत प्रकाश प्रदूषणाचा फिल्टर आहे, पण दीर्घिकांसाठी तो बंद ठेवा. तो हायड्रोजन आणि ऑक्सिजनच्या ठरावीक रंगांचा प्रकाश तेवढा सोडतो, तेजोमेघांना, म्हणजे अवकाशातल्या चमकत्या वायूच्या ढगांना, उत्तम. दीर्घिकेचा प्रकाश ताऱ्यांचा, सगळ्या रंगांचा, त्यातला बहुतेक अडतो. शहरातल्या उजेडावर खरा उपाय एकच, जास्त वेळ देणं.

सिंह राशीतल्या एम ६५, एम ६६ आणि एनजीसी ३६२८ या तीन दीर्घिका एकाच चौकटीत मावतात. पण ठाण्यातून त्या जवळजवळ डोक्यावर येतात आणि तिथे एका फोटोपासून दुसऱ्यापर्यंत चित्र भराभर फिरून, रचलेल्या फोटोच्या कडा वाया जातात. मे महिन्यात सिंह पश्चिमेला येऊरच्या डोंगराकडे ढळला की मगच सुरुवात करा; त्या बाजूला काळोखही जास्त असतो. देवयानीतली एम ३१ चौकटीत मावत नाही, मोझेक करावा लागतो, म्हणजे शेजारशेजारचे फोटो जोडावे लागतात. लहान, लांबच्या दीर्घिकांमधले बारकावे मात्र ५० मिलिमीटरकडून मागू नयेत.

शहराबाहेर काळोख्या वांगणीला दुर्बीण नेली तर हेच फोटो कमी वेळात आणि जास्त खोल येतात. घ्यायची असेल तर पावसाळा सरल्यावर घ्या, नाहीतर नवी दुर्बीण सप्टेंबरपर्यंत डब्यातच राहील.