जुन्या बुलेटचा पॉइंट-कंडेन्सर सेट: पॉइंट घ्या, कंडेन्सर वेगळा घ्या

कास्ट आयर्न बुलेट ३५० (बिडाच्या सिलिंडरचं जुनं इंजिन) साठी पॉइंट, म्हणजे कॉइलचा प्रवाह जोडणारा-तोडणारा स्विच, आणि कंडेन्सर, म्हणजे पॉइंट उघडताना तिथली ठिणगी दाबणारा भाग, एकाच पाकिटात मिळतात. मुंबईत ऑपेरा हाऊसच्या स्पेअर पार्ट बाजारात असा सेट शोधावा लागत नाही. इथे पाहिला तो बिननावाचा, साध्या प्लास्टिकच्या पाकिटातला. पॉइंट चांगले आहेत. कंडेन्सर भरवशाचा नाही.

पॉइंटच्या दोन्ही टिकल्या (प्रवाह जोडणारे धातूचे ठिपके) एकमेकींवर सपाट टेकतात, हे मोठंच काम झालं. गंज लागू नये म्हणून त्यांवर तेलाचा हात दिलेला असतो. तो पेट्रोलने पुसा आणि टिकल्यांमधून कोरा जाड कागद ओढून घ्या. नाहीतर स्पार्क येणार नाही आणि संशय उगाच कॉइलवर (प्लगसाठी जास्त व्होल्टेज तयार करणाऱ्या भागावर) जाईल. पॉइंटची टाच तिला उचलणाऱ्या फिरत्या कॅमच्या सर्वांत उंच जागी आणून टिकल्यांमधला गॅप ०.३५ ते ०.४० मिमी ठेवा. टायमिंग (प्लगची ठिणगी नेमकी केव्हा पडते ते) त्यानंतरच, कारण गॅप हलला की टायमिंगही हलतं. सेटमधली फायबरची टाच जरा मऊ आहे. ती झिजली की गॅप कमी होतो, टायमिंग मागे पडतं, गाडी ओढत नाही आणि तापते. म्हणून ५०० किमीला गॅप पुन्हा मोजाच. कॅमवर ग्रीसचा नुसता पुसट हात द्या, जास्तीचं उडून टिकल्यांवर बसतं.

आता कंडेन्सर. मल्टिमीटरवर साधारण ०.१८ ते ०.२५ मायक्रोफॅरड यायला हवं. थंड असताना येतंही, पण हेअर ड्रायरने तापवून मोजलं की आकडा स्थिर राहत नाही. रस्त्यावर हा दोष असा दिसतो: सकाळी एका किकमध्ये सुरू झालेली गाडी सायनच्या ट्रॅफिकमध्ये तापली की मिस मारते, सायलेन्सरमधून फटाके फोडते, बंद पडते, थंड झाली की पुन्हा चालू. लोक बिचारे कार्बोरेटर उघडत बसतात. त्याऐवजी अंधारात पॉइंटचं झाकण काढून इंजिन चालवून बघा. टिकल्यांमध्ये बारीक निळी ठिणगी चालेल. जाड, पिवळट ठिणगी सतत उडत असेल तर कंडेन्सर गेला. तसाच चालवला तर नवे पॉइंटही जळतील.

चांगला कंडेन्सर वेगळा घेऊन टाकीखाली, कॉइलजवळ बसवला तर इंजिनाच्या उष्णतेपासून वाचतो. बोल्टखालचा रंग खरवडून अर्थिंग (बॉडीशी जोड) पक्कं करा.

पॉइंटच्या खिळीवरचे फायबर वॉशर काढले त्याच क्रमाने परत घाला. मग चावी फिरवून हळू किक दाबत अँमीटर (बॅटरीचा प्रवाह दाखवणारा मीटर) बघा. पॉइंट मिटले की काटा डिस्चार्जकडे झुकतो, उघडले की मध्यावर येतो. झुकलेलाच राहिला तर वायर किंवा वॉशर बॉडीला लागतोय, नाहीतर पॉइंट उघडतच नाहीत. हललाच नाही तर टिकल्या अजून तेलकट आहेत किंवा वायर तुटली आहे. तपासणी झाली की चावी लगेच बंद करा. पॉइंट मिटलेले राहिले तर कॉइल तापून जळते.