बेंच प्रेससाठी अर्ध्या किलोच्या चकत्या: दहा महिने वापरल्यावर

दहा महिन्यांपूर्वी मी लहान लोखंडी चकत्यांचा एक संच घेतला. पाव, अर्धा, पाऊण आणि एक किलो, प्रत्येकाची एक जोडी. आठही चकत्या मिळून पाच किलो भरतात. आठवड्यातून दोनदा आणि मुख्यतः बेंच प्रेसला वापरल्या, म्हणजे बाकावर उताणं पडून वजनाचा बार छातीवरून वर ढकलण्याच्या व्यायामाला. इतर व्यायामांत त्यांची गरज पडली नाही, ते का हे पुढे येईलच.

घ्यायचं कारण ६० किलो. तिथे मी दोन महिने रुतून बसलो होतो. पाच-पाच रेपचे (रेप म्हणजे बार एकदा खाली आणून वर नेणं) तीन सेट मारायचे, तर एके दिवशी ५, ५, ४ व्हायचे, पुढच्या खेपेला ५, ४, ३. कधी चुकून तिन्ही सेट पूर्ण झाले की लगेच ६२.५ लावायचो आणि दुसऱ्याच सेटला बार छातीवर येऊन बसायचा. मग पुन्हा ६०. ही शिवणापाणी आठ आठवडे चालली.

दोष माझ्या ताकदीइतकाच हिशोबाचाही होता, हे नंतर लक्षात आलं. बहुतेक जिममध्ये सगळ्यात लहान प्लेट सव्वा किलोची असते. दोन्ही बाजूंना एकेक लावली की अडीच किलो वाढतात, त्याहून कमी वाढवायची सोयच नसते. डेडलिफ्टला, म्हणजे जमिनीवरून बार उचलायला, १२० किलो लावणाऱ्यासाठी अडीच किलो म्हणजे जेमतेम दोन टक्के. बेंचला ६० वर असलेल्यासाठी तेच चार टक्क्यांच्या वर जातात, आणि हा भार पेलायचा कुणी? छाती, खांद्याचा पुढचा भाग आणि ट्रायसेप्स, म्हणजे दंडाच्या मागचा स्नायू. मांड्या आणि पार्श्वभागाच्या स्नायूंपुढे ही मंडळी किरकोळच. दर आठवड्याला अडीच किलो खरंच वाढत असते, तर सहा महिन्यांत मी १२० किलो मारत असतो. सुरुवातीचे दोन-तीन महिने तसं होतंही, कारण तेव्हा शरीर मुख्यतः हालचाल शिकत असतं आणि असलेले स्नायू एकवटून वापरायला लागतं. ते संपलं की खरी चढण लागते.

चकत्या आल्या त्या दिवशी आधी त्या वजनकाट्यावर ठेवल्या. अर्ध्या किलोची एक ४९३ ग्रॅम भरली, दुसरी ५०६. पावाच्या २५१ आणि २४८. समाधान झालं. मग सहज म्हणून जिममधल्या मोठ्या प्लेटही तोलल्या आणि तोंडाचा आ झाला. २० किलो छापलेली एक प्लेट १९.६ भरली, शेजारचीच दुसरी २०.३. म्हणजे कोणत्या दोन हाताला लागल्या यावर माझे '६०' (दोन प्लेट आणि २० किलोचा बार) साधारण ५९.२ ते ६०.६ यांमध्ये कुठेही असू शकत होते. वर एका बाजूला १९.६ आणि दुसरीकडे २०.३ लागली, तर बार एका अंगाला सातशे ग्रॅमने जड. पॉवरलिफ्टिंगच्या आंतरराष्ट्रीय स्पर्धांत प्लेटचं वजन छापील आकड्याच्या पाव टक्क्याच्या आत असावं लागतं. रोजच्या जिममध्ये इतकं काटेकोर कोण बघतंय. तेव्हा चकत्या घेणार असाल तर त्याआधी दोन मोठ्या प्लेट निवडा, त्यांवर खडूने किंवा रंगाने खूण करा आणि दर वेळी त्याच वापरा. बारही तोच. नाहीतर अर्धा किलो वाढवल्याचा आनंद फुकाचा.

पहिल्या दिवशी रॅकपाशी हशा पिकला. "बांगड्या आणल्यास का रे?" असं एकाने विचारलं आणि ते नाव चिकटलंच. आता मीही बांगड्याच म्हणतो.

सुरुवात मागे येऊन ५७ पासून केली. सोमवारी जड, पाच-पाचचे तीन सेट. गुरुवारी हलके, पण बार छातीवर पूर्ण एक सेकंद थांबवून. दर सोमवारी एक किलो, म्हणजे दोन्हीकडे अर्ध्याची एकेक. नऊ आठवड्यांनी ६६ झाले, आणि या नऊ आठवड्यांत एकही रेप चुकली नाही. बांगड्यांची खरी कमाई मला विचाराल तर हीच आहे. अडकून पडलेल्या दिवसांत मी तिन्ही सेट क्वचितच पूर्ण करत होतो, म्हणजे आठवड्याला होणारं कामच कमी पडत होतं. आता सगळे सेट पूर्ण व्हायला लागले आणि काम आपोआप वाढलं.

६७ ला पहिला खोडा बसला. दोन सोमवार ५, ४, ३. मग ६२ वर उतरलो आणि पुन्हा चढायला लागलो. या वेळी ६८ पार झाले. तिथून पुढे एक किलोही जड जाऊ लागला, म्हणून पावाची जोडी काढली, आठवड्याला अर्धा किलो. सहा आठवड्यांत ७१.

त्यानंतर तीन आठवडे बंद. उजवा खांदा पुढून दुखायला लागला होता आणि चूक सर्वस्वी माझी होती. आकडा दर आठवड्याला हलतोय या नशेत मी विश्रांतीचे आठवडे टाळले. कोपरंही हळूहळू बाहेर जात खांद्यांच्या रेषेत यायला लागली होती. ती अंगापासून साधारण ४५ ते ७० अंशांवर असलेली बरी. पार काटकोनात गेली की खांद्यावर नको तितका ताण येतो. लहान वाढीचा हाच धोका. अडीच किलोने फाजील आत्मविश्वास लगेच उतरतो, अर्ध्या किलोने नाही. बिघडलेली लकब तशीच रेटत तुम्ही बरेच आठवडे पुढे जाऊ शकता. परत आलो तेव्हा ६५ पासून सुरू केलं, बाजूने व्हिडिओ काढायला लागलो आणि दर पाचव्या आठवड्याला बारावरचं वजन उतरवायचं हे वहीत आधीच लिहून ठेवलं.

व्हिडिओत आणखी एक दिसलं. मी बार सरळ वर ढकलत होतो. चांगला बेंच करणाऱ्यांचा बार छातीच्या खालच्या भागाला टेकतो आणि वर येताना थोडा डोक्याच्या दिशेने जाऊन खांद्यांच्या वर थांबतो. शिवाय खांद्याची पाती मागे ओढून बेंचवर रोवायची, पाय जमिनीत दाबायचे. हे सगळं पूर्वी ऐकलं होतं, पण वजन दर वेळी जवळपास तेच असल्याशिवाय तंत्रातला फरक जाणवत नाही. अडीच-अडीचच्या उड्यांत सगळं एकमेकांत मिसळायचं.

आजचा हिशोब: ७२.५ किलो, पाच रेप, तीन सेट. एका रेपला ८२.५ गेले, तेही छातीवर थांबवून. एपली सूत्राने, म्हणजे रेप्सना ३० ने भागून त्यात १ मिळवायचा आणि वजनाने गुणायचं, ७२.५ च्या पाच रेप्सवरून एका रेपचा हा आकडा ८४.५ च्या आसपास येतो. म्हणजे सूत्र फार खोटं बोललं नाही. सुरुवातीच्या ६० वर तेच सूत्र ७० सांगत होतं.

यातलं चकत्यांचं श्रेय किती? खरं सांगायचं तर वेगळं काढता येत नाही. या दहा महिन्यांत माझं स्वतःचं वजन ६८ वरून ७१ झालं. आठवड्याला एकदा होणारा बेंच दोनदा झाला, आणि माझ्या मते तो बदल चकत्यांपेक्षा मोठा आहे. एका मित्राचं म्हणणं, झोप नीट झाली नाही की ताकद तीन-चार किलोंनी खाली येते, मग अर्ध्या किलोचं काय घेऊन बसलास? मुद्दा बरोबर आहे. पण शरीराला अर्धा किलो जाणवावा म्हणून मी तो लावतच नाही. बऱ्या-वाईट दिवसांच्या चढउतारात अपेक्षा हळूहळू वर सरकत राहावी, इतकंच त्याचं काम. आणि स्पर्धेतही विक्रम अर्ध्या किलोने मोडता येतो, तेव्हा एवढी नाकं मुरडू नयेत.

स्क्वॉट (बार खांद्यावर घेऊन बैठक) आणि डेडलिफ्टला चकत्या लावून पाहिल्या. काही फरक नाही. तिथे अडीच किलो अजून सहज पचतात. खांद्यांच्या ओव्हरहेड प्रेसला, म्हणजे बार डोक्यावर ढकलायला, मात्र बेंचपेक्षाही जास्त उपयोग व्हावा, कारण तिथलं वजन आणखी कमी असतं. मी ती फारशी करत नाही.

वस्तू म्हणून बोलायचं तर लोखंड चांगलं, पण छापील आकडे दोन महिन्यांत पुसले गेले. पाऊण आणि एक किलोच्या दिसायला इतक्या सारख्या की मी एकदा दोन बाजूंना दोन वेगळ्या लावल्या आणि सेट झाल्यावर कळलं. आता नेलपेंटने ठिपके दिलेत. मधलं भोक बाराच्या दांड्यापेक्षा जरा सैल आहे, त्यामुळे रेप मारताना किणकिण आवाज येतो. क्लिप त्यांच्या बाहेरून लावावी लागते, नाहीतर सरकत सरकत पायाशी पडतात. एकटे बेंच मारत असाल तर क्लिप लावण्याआधी रॅकच्या आडव्या सळया छातीच्या किंचित खाली बसवा, कारण क्लिप लावलेल्या बारावरून प्लेट एका बाजूला कलंडून टाकता येत नाहीत. अंगठाही बाराभोवतीच हवा. यावर मी वाद घालत नाही.

पाऊण किलोची जोडी दहा महिन्यांत दोनदाच लागली. लहान संच मिळत असेल तर पाव आणि अर्धा पुरे. आणि आधी नुसतं करून बघायचं असेल तर मनगटाला बांधायच्या अर्ध्या किलोच्या वजनपट्ट्या बाराच्या दोन्ही टोकांना गुंडाळल्या तरी चालतं, दिसायला मात्र भयंकर.

सगळ्यात जास्त फायदा माझा झालाच नाही. शेजारच्या रॅकवर एक ताई ३० किलोवर बेंच करायच्या. अडीच किलो म्हणजे त्यांच्यासाठी आठ टक्क्यांहून जास्त वाढ, माझ्या दुप्पट. चार महिने त्या तिथेच होत्या, आणि जो तो त्यांना 'अजून जोर लावा' एवढंच सांगत होता. खांदा दुखत होता त्या तीन आठवड्यांत चकत्या पडूनच होत्या, म्हणून त्यांना दिल्या. मी परतलो तेव्हा त्यांचे ३२ झाले होते. आता ३७.५ आहेत. पावाची जोडी अजून त्यांच्याकडेच आहे, त्यामुळे माझे ७२.५ चे एकदम ७३.५ करावे लागणार असं दिसतंय.