सीझन तिकीट घेऊन विकायचं, वाटून घ्यायचं की सामन्याच्या दिवशीच घ्यायचं?

"मामा, दोन सीटचं सीझन तिकीट घेतोय. वीस सामने बघायचे, उरलेले विकून टाकायचे. आपले वीस जवळजवळ फुकटात पडतील."

सॅन फ्रान्सिस्कोत नव्यानेच नोकरीला लागलेल्या माझ्या भाच्याचा हा फोन. विषय जायंट्स या तिथल्या बेसबॉल संघाचं सीझन तिकीट, म्हणजे घरच्या मैदानावरच्या सगळ्या सामन्यांची एकगठ्ठा तिकिटं. हा हिशेब मी बे एरियात, म्हणजे सॅन फ्रान्सिस्को आणि आसपास, बऱ्याच जणांच्या तोंडून ऐकलाय आणि एके काळी स्वतःही मांडलाय. पूर्ण हंगाम घेणं, चौघांत वाटून घेणं आणि फेरविक्रीत एकेक सामना उचलणं, हे तिन्ही मार्ग मी वापरून पाहिले आहेत. माझं मत आधीच सांगतो: भाच्याचा मार्ग तिघांत सगळ्यात महाग पडतो.

आपल्या डोक्यात मॅचचं तिकीट म्हणजे दुर्मीळ चीज. ते साहजिकच आहे, कारण आयपीएलच्या साखळीत एका संघाला घरच्या मैदानावर सातच सामने मिळतात. वानखेडेचं तिकीट हातात असणाऱ्याला गिऱ्हाईक शोधावं लागत नाही. अमेरिकेतल्या मेजर लीग बेसबॉलमध्ये संघ ३०, प्रत्येकाचे सामने १६२ आणि त्यातले ८१ घरच्या मैदानावर. जायंट्सच्या ओरॅकल पार्कमध्ये सुमारे ४१ हजार माणसं बसतात. एप्रिलमधल्या मंगळवारी रात्री, खाडीवरून बोचरा वारा सुटलेला असताना आणि समोर तळाचा संघ असताना तुमची सीट घेणार कोण? पूर्ण हंगामाच्या हिशेबात पहिल्यांदा विचारायचा प्रश्न हाच.

पूर्ण हंगाम घ्या आणि उरलेले विका

आता आकडे मांडू. किमती मी हिशेबापुरत्या धरल्या आहेत, तुमच्या सीटच्या घालून पाहा. एका सीटला सामन्यामागे ४० डॉलर धरले, तर दोन सीट आणि ८१ सामन्यांचे ६,४८० डॉलर होतात. हे पैसे बहुतेक हंगाम सुरू होण्याआधीच, हिवाळ्यात भरायला लागतात. त्या वेळी संघ कसा खेळणार हे कुणालाच ठाऊक नसतं. शिकागो व्हाइट सॉक्सने २०२४ मध्ये १२१ सामने गमावले. त्या संघाची पूर्ण हंगामाची तिकिटं ज्यांनी विकायच्या भरवशावर घेतली असतील, त्यांच्या जुलै-ऑगस्टची कल्पना करा.

८१ पैकी १६ सामने जोरदार मागणीचे, २७ मध्यम आणि ३८ थंड धरू. तुम्ही ४ जोरदार, ८ मध्यम आणि ८ थंड असे २० सामने पाहता. विकायला उरतात ६१. जोरदार १२ सामने सीटमागे ७० डॉलरला गेले, मध्यम १९ सामने ३८ ला आणि थंड ३० पैकी २४ सामने १८ ला. सहा सामने विकलेच गेले नाहीत. फेरविक्रीच्या साइटने विक्रेत्याकडून १५ टक्के कापले असं धरलं, तर दोन सीट मिळून हातात येतात सुमारे ३,३९० डॉलर. त्या ६१ सामन्यांसाठी तुम्ही मोजले होते ४,८८०. म्हणजे जवळपास १,४९० डॉलरची खोट. ही खोट स्वतः पाहिलेल्या २० सामन्यांच्या १,६०० डॉलरमध्ये मिळवा. एकूण ३,०९०, म्हणजे एका सीटचा एक सामना ४० ऐवजी ७७ डॉलरला पडला.

असं का होतं, हे समजून घेण्यासारखं आहे. कमाई होते ती मोजक्या सामन्यांवर: लॉस एंजेलिसच्या डॉजर्स या कट्टर प्रतिस्पर्ध्याविरुद्धचा शनिवार, हंगामाचा पहिला दिवस, फटाक्यांची रात्र, बॉबलहेड (खेळाडूची मान डोलावणारी बाहुली) वाटतात तो दिवस. आणि तुम्हाला स्वतःला जायचं असतं ते याच सामन्यांना. त्यातले चार तुम्ही ठेवून घेतले की नफ्याचा तेवढा भाग गेलाच. शिवाय २०२३ पासून वेळापत्रक बदललंय. आधी आपल्या गटातल्या प्रत्येक संघाशी १९ सामने व्हायचे, आता १३ होतात. त्यामुळे डॉजर्स ओरॅकल पार्कमध्ये वर्षाला सहा किंवा सातच सामने खेळतात. बदल्यात मेजर लीगमधला प्रत्येक संघ एकमेकांशी खेळतो, पण मेजर लीगच्या दोन भागांपैकी दुसऱ्या भागातला, न्यूयॉर्क यँकीजसारखा संघ साधारण वर्षाआड येतो. ते २०२४ मध्ये आले होते, २०२५ मध्ये जायंट्सच न्यूयॉर्कला गेले.

दुसरं म्हणजे, तुमच्याशी स्पर्धा करणाऱ्यांत खुद्द क्लब असतो. मागणीप्रमाणे तिकिटाचा भाव हलवण्याचा प्रयोग या लीगमध्ये पहिल्यांदा जायंट्सनेच २००९ मध्ये सुमारे दोन हजार सीटवर केला आणि २०१० पासून सगळ्या मैदानाला लावला. त्यामुळे चांगल्या सामन्याचा वरचा भाव आधी क्लब घेतो आणि थंड सामन्याला तो स्वतःच स्वस्तात तिकीट काढतो. त्याच मंगळवारची तिकिटं तुमच्यासारखे शेकडो सीझन तिकीटवालेही विकायला लावून बसलेले असतात.

कष्टांचा हिशेब तर कुणी करतच नाही. ६१ सामने साइटवर लावायचे, भाव पाहायचा, उतरवायचा, परत पाहायचा. माझ्या एका मित्राने लवकर जावीत म्हणून तीच दोन तिकिटं दोन साइटवर लावली. एकीकडे विकली गेल्यावर दुसरीकडून काढायला तो विसरला आणि तासाभरात तिथेही विकली गेली. दुसऱ्या गिऱ्हाइकाला बदली तिकीट देण्याचा खर्च त्याच्या कार्डावर पडला आणि महिन्याभराची कमाई त्यात गेली.

करही लक्षात घ्या. मूळ किमतीपेक्षा जास्तीला विकलेल्या तिकिटावरचा नफा अमेरिकेत करपात्र आहे, साइटने फॉर्म पाठवो वा न पाठवो. साइट विक्रीची रक्कम करखात्याला कळवते त्या १०९९-के या फॉर्मची मर्यादा २०२५ च्या कायद्याने पुन्हा २० हजार डॉलर आणि २०० व्यवहार अशी झालीय, पण ती फॉर्मची मर्यादा आहे, कराची नव्हे. उलट, स्वतःच्या वापरासाठी घेतलेली वस्तू तोट्यात विकली तर तो तोटा वजा करता येत नाही. डॉजर्सच्या सामन्यावरचा नफा दाखवायचा आणि मंगळवारचा तोटा गिळायचा, असा हा प्रकार आहे. रक्कम मोठी असेल तर करसल्लागाराला विचारा.

मग पूर्ण हंगाम कुणी घ्यावा? जे खरंच पन्नासेक सामन्यांना जातात त्यांनी. आणि ज्यांना प्लेऑफचा हक्क हवा आहे त्यांनी. सीझन तिकीटवाल्याला प्लेऑफची तिकिटं क्लबच्या भावाने आधी मिळतात आणि फेरविक्रीत तीच कितीतरी पटीने जातात. हा हक्क म्हणजे एक प्रकारचा विमा आहे. पण जायंट्स २०२१ मध्ये १०७ सामने जिंकून गेले, त्यानंतर २०२२ ते २०२५ या चारही हंगामांत प्लेऑफला पोहोचले नाहीत. चार वर्षं हप्ता भरून हाती काही आलं नाही. शिवाय सगळीच तिकिटं विकणाऱ्यांकडे क्लबचं लक्ष असतं आणि अशांचं पुढच्या वर्षीचं नूतनीकरण नाकारलं जाऊ शकतं. करारात ते बारीक अक्षरात असतं, वाचून घ्या.

सामन्याच्या दिवशी फेरविक्रीत घ्या

आपल्याकडे 'ब्लॅकने तिकीट' म्हटलं की थिएटरबाहेरची कुजबुज आठवते आणि नव्याने आलेल्या माणसाला इथली फेरविक्री जरा चोरटी वाटते. तसं काही नाही. जायंट्सनी स्वतःच्या सीझन तिकीटवाल्यांसाठी ऑनलाइन फेरविक्रीची खिडकी २००० मध्येच, मैदान सुरू झालं त्याच वर्षी उघडली होती. २००७ मध्ये लीगने स्टबहब या फेरविक्रीच्या साइटशी अधिकृत करार केला आणि २०२३ पासून ती जागा सीटगीक या दुसऱ्या साइटकडे आहे. कॅलिफोर्नियात मनाई आहे ती मैदानाच्या आवारात, परवानगीशिवाय, विकण्यासाठीच घेतलेलं तिकीट चढ्या भावाने विकण्याला. फोनवर घेतलेलं तिकीट थेट तुमच्या अॅपमध्ये येतं.

आता भावाबद्दल. अर्थशास्त्रज्ञ अँड्र्यू स्वीटिंग यांनी बेसबॉलच्या फेरविक्रीचा अभ्यास २०१२ मध्ये प्रसिद्ध केला. सामना जवळ येतो तसे विक्रेते भाव ४० टक्के किंवा त्याहूनही जास्त उतरवतात, असं त्यात दिसलं. कारण उघड आहे. तिकीट म्हणजे संध्याकाळची मेथीची जुडी. पहिला चेंडू पडला की तिची किंमत संपली. तीन आठवडे आधी विक्रेता चांगल्या गिऱ्हाइकाची वाट पाहू शकतो, तीन तास आधी त्याच्याकडे तेवढा वेळ नसतो.

गेल्या हंगामातली एक संध्याकाळ सांगतो. सामना पावणेसातचा. दुपारी ऑफिसात पाहिलं तर वरच्या मजल्यावर, होम प्लेटच्या (फलंदाज उभा राहतो त्या जागेच्या) मागे, फी धरून सीटला ३४ डॉलर. कॅलट्रेन या लोकल गाडीत बसलो तेव्हा २६. बायको म्हणाली, "घेऊन टाक आता." मी थांबलो. मैदानाजवळच्या फोर्थ अँड किंग स्टेशनला उतरलो तेव्हा त्याच रांगेच्या दोन रांगा खाली १९. तिथेच फलाटावर घेतली आणि चालत आत गेलो. राष्ट्रगीत चुकलं नाही. मला वाईट वाटलं ते आजूबाजूच्या रिकाम्या खुर्च्यांचं. त्यातल्या कितीतरी कुणीतरी हिवाळ्यात पूर्ण पैसे भरून घेतलेल्या असणार.

क्लबांना ही घसरण बोचते. २०१३ मध्ये यँकीज स्टबहबच्या करारातून बाहेर पडले आणि त्यांनी तिकीटमास्टर या तिकीट कंपनीबरोबर स्वतःची फेरविक्री सुरू केली. तिथे भावाला खालची मर्यादा होती, त्याखाली कुणी विकू शकत नसे. २०१६ मध्ये ते पुन्हा स्टबहबकडे आले. चढ्या भावापेक्षा पडलेला भाव क्लबला जास्त सलतो. गिऱ्हाइकाने खिडकीवर यायचं सोडलं तर पंचाईत क्लबची होते.

फीची जुनी तक्रारही आता कमी झालीय. फेडरल ट्रेड कमिशनच्या नियमाप्रमाणे १२ मे २०२५ पासून सक्तीची फी धरून एकूण किंमत सुरुवातीलाच दाखवावी लागते. आधी १८ डॉलरचं तिकीट पैसे भरायच्या पानावर २५ चं व्हायचं.

वरच्याच आकड्यांनी ताडून पाहू. फेरविक्रीच्या भावावर खरेदीदाराची २५ टक्के फी धरली, तर तेच ४ जोरदार, ८ मध्यम आणि ८ थंड सामने दोन सीटना १,८२० डॉलरला पडतात. भाच्याच्या मार्गाने लागले होते ३,०९०. आणि यात शेवटच्या तासाची घसरण मी धरलेलीच नाही.

हा मार्ग कुठे फसतो तेही सांगायला हवं. पुण्याहून आई-वडील आलेत, त्यांना दाखवायचा एकच शनिवार आहे, सहा सीट सलग हव्यात, आईंना जिने नकोत. तिथे शेवटच्या तासाची वाट पाहू नका. सलग सहा सीट फेरविक्रीत क्वचितच सापडतात. सरळ क्लबकडून आधी घ्या. डॉजर्सचा शनिवार किंवा बॉबलहेडचा दिवस असेल तर भाव शेवटपर्यंत उतरेलच असं नाही, चढूही शकतो.

चौघांत वाटून घ्या

मला मनापासून आवडतो तो हा मार्ग. चौघांनी मिळून दोन सीटचा पूर्ण हंगाम घ्यायचा आणि प्रत्येकाने २० सामने उचलायचे. प्रत्येकाचा खर्च १,६२० डॉलर, विक्रीची भानगड नाही, जोरदार १६ सामन्यांतले चार प्रत्येकाला. ८१ वा सामना उरतो, तो आम्ही ज्याच्या घरी वाटणी होते त्याला देतो.

आमची वाटणी फेब्रुवारीत एका रविवारी होते. टेबलावर वेळापत्रकाचा मोठा छापील कागद, चार रंगांची पेनं आणि साबुदाण्याची खिचडी. क्रम चिठ्ठ्या टाकून ठरतो. पहिल्या फेरीत ज्याचा नंबर शेवटचा, दुसऱ्या फेरीत तो पहिला, म्हणजे सगळ्यात चांगले सामने एकाच्याच पदरात पडत नाहीत. एकाला मुलीच्या वाढदिवसाचा रविवार हवा असतो, दुसऱ्याला फक्त दुपारचे सामने. शेवटच्या फेऱ्यांत बुधवारच्या थंड रात्री उरतात आणि त्या घेताना कुणी कुरकुरत नाही, कारण त्या प्रत्येकाच्याच वाट्याला येतात.

करार कुणा एकाच्याच नावावर असतो, म्हणून तीन गोष्टी आधी लिहून ठेवा. प्लेऑफची तिकिटं आली तर कुणाला कोणता सामना. एखाद्याने आपला सामना विकला तर नफा त्याचा की चौघांचा. आणि मध्येच कुणाची बदली झाली तर त्याचा वाटा कोण उचलणार. एका वर्षी आम्ही हे लिहिलं नव्हतं. जूनमध्ये एक जण ऑस्टिनला गेला, त्याचे अकरा सामने आमच्या गळ्यात पडले आणि चांगल्या मैत्रीत सहा महिने अबोला राहिला.

फेरविक्रीपेक्षा यात वाचतात फार तर दोनशे डॉलर. त्यामुळे फक्त पैशासाठी हे करू नका. वर्षाला आठ-दहा सामने पाहणाऱ्यांना फेरविक्रीच बरी. पंधरा-वीस पाहायचेत, तारखा आधी ठरवता येतात आणि शब्दाला जागणारी तीन माणसं आहेत, तर वाटून घ्या. तीच सीट, तेच शेजारी, प्लेऑफ आलंच तर हक्काची दोन तिकिटं.

भाच्याला हे सगळं सांगितल्यावर तो जरा गप्प झाला. मग म्हणाला, "ऑफिसातले दोघं तयार आहेत मामा, चौथा तू होशील का?" माझी चौकडी भरलेली आहे, त्यामुळे त्याला फेब्रुवारीपर्यंत चौथा शोधायचाय. नाही मिळाला तर डॉजर्सचे दोन सामने तो क्लबकडून थेट घेणार आहे आणि बाकीचे माझ्यासारखे कॅलट्रेनमध्ये बसून.